मदत हवी आहे: स्पिटफायरचं फायबरचं बॉनेट डावीकडे बसतच नाही

कॉव्हेंट्रीकर
नमस्कार मंडळी. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, जुनी ब्रिटिश दोन सीटांची स्पोर्ट्स कार. मूळ बॉनेटचा पत्रा हेडलाइटभोवती आणि मडगार्डच्या कडेला सडला होता, म्हणून फायबरचं घेतलं. उजवीकडे झकास बसतंय. डावीकडे मागचा कोपरा ८ मिमी वर राहतो. कॅच (बॉनेट अडकवायचा आकडा) ओढून लावला की खाली येतो, सोडला की उसळतो. बिजागऱ्या पुढेमागे करून झाल्या, दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. एप्रिलात ड्राइव्ह इट डेला (इथे सगळे जुन्या गाड्या रस्त्यावर काढतात तो दिवस) गाडी बाहेर काढायची आहे, हातात पाच आठवडे आहेत. कोपरा कापून परत लॅमिनेट करावा (फायबरचे थर देऊन बांधावा) का? कोणी केलंय का? इंग्रजी ग्रुपवर विचारलं, तिथे सगळे "पत्र्याचंच लाव" म्हणून मोकळे झाले. कृपया तो सल्ला नको.

हेराल्डकाका
पत्र्याचंच लावा.
(चिडू नका, राहवलं नाही.) आमच्याकडे पुण्यात १९६८ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, वडिलांनी घेतलेली. स्पिटफायरची थोरली बहीणच ती. दोन्हींची रेखाटनं इटालियन डिझायनर मिकेलोत्तीची आणि दोन्हींचं अख्खं पुढचं तोंड मगरीच्या जबड्यासारखं पुढे उघडतं. तेवढ्यासाठी शाळेतली पोरं आमच्या दारात जमायची.

पिंपरीचा डेंटर
स्पिटफायर कुठली? मार्क १ पासून १५०० पर्यंत पाच प्रकार आहेत. मार्क ३ पर्यंत मडगार्डच्या माथ्यावर शिवण असते, मार्क ४ पासून ती गेली. बॉनेट कुठल्या मॉडेलचं मागवलं? आतली लोखंडी फ्रेम जुनीच वापरली की फायबरवाल्यानं दिली? एका थराचं आहे की आतून दुसरी कातडी आहे? फोटो कुठेय? "बसत नाही" एवढ्यावरून काय सांगणार? पेशंट म्हणतो दुखतंय, डॉक्टरनं ओळखायचं कुठे ते.

कॉव्हेंट्रीकर
१५००, १९७७ ची. बॉनेट बिनशिवणीचं, म्हणजे मॉडेल बरोबर आहे. एका थराचं, कडेला फक्त दुमड. बिजागऱ्यांच्या नळ्या जुन्याच, साफ करून रंगवल्या. भोकं मीच पाडली.

पिंपरीचा डेंटर
भोकं पाडून झाली?? अहो, दारं, बॉनेट, सगळं टांगून फटी जुळल्याशिवाय फायबरला ड्रिल लावायचं नसतं. पत्र्याचं भोक वेल्डिंगनं बुजतं. फायबरचं भोक चुकलं की तिथे आधी परत मॅट (काचतंतूंची चादर) भरा, मग पुन्हा पाडा.
असो. डाव्या दाराच्या फटी किती आहेत ते मोजून सांगा. वर, मध्ये, खाली.

कॉव्हेंट्रीकर
दाराचा काय संबंध? मी बॉनेटबद्दल विचारतोय.

देवगडचा तांडेल
मी गाडीतला माणूस नाही, मासेमारीच्या फायबर होड्या बांधतो. तुमच्या गाडीला दार आहे की नाही ते मला माहीत नाही, पण फायबर मला कळतं. एकच प्रश्न: पार्सल आल्यावर बॉनेट ठेवलं होतं कसं?

कॉव्हेंट्रीकर
गॅरेजमध्ये, भिंतीला टेकवून. ऑक्टोबरपासून. जागा नव्हती हो, बायकोच्या गाडीला पण तेच गॅरेज.

देवगडचा तांडेल
झालं मग. पॉलिस्टर रेझिन (काचतंतू ज्यात भिजवतात ते) साच्यातून निघालं म्हणजे पिकलं असं नाही. वरून कडक लागतं, आत आठवडेच्या आठवडे सुकत असतं. साच्यातून लवकर काढलेला माल भिंतीला तिरका टेकवला की ज्या कोपऱ्यावर भार, तिकडे पिळा पडतो आणि तसाच पिकतो. त्यात तुमच्याकडची थंडी. १५ अंशांखाली रेझिन नीट पिकतच नाही. आम्ही इथे एप्रिलच्या उन्हात होडी आठ-आठ दिवस नुसती उपडी ठेवतो. घाई करशात तर काम फुकट जातलां.
कापायचं अजिबात नाही. दोरी ताणून कर्ण मोजा: डावा पुढचा कोपरा ते उजवा मागचा, आणि उलट. आधी तेवढं सांगा.

बॅटरीबाळ
दादा, बॉनेट उघडंच आहे तर इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर टाका ना. हलकी गाडी, मस्त पळेल. माझ्या ओळखीत एकानं रिक्षाला केलंय.

हेराल्डकाका
बाळ, तू झोप.

पिंपरीचा डेंटर
तांडेलसाहेब, पिळा असेलही, नाही म्हणत नाही. पण ३१ वर्षं बॉडीशॉपमध्ये काढली, त्यातून सांगतो: बॉनेटची फट ही शेवटची फट असते. आधी बॉडी चासीवर, मग दारं, मग बॉनेट. बॉनेट फक्त खाली काय घडलंय ते दाखवतं. कॉव्हेंट्रीकर, खाली काही वेल्डिंग झालंय का? सिल? फ्लोअर?

कॉव्हेंट्रीकर
फ्लोअर आणि डावा सिल गेल्या वर्षी झाला, एका इथल्याच गॅरेजमध्ये. टब (चासीवर बसते ती बॉडी) उचलून केलं. काम चांगलं केलंय, गाडी टेस्टला पण पास झाली.

पिंपरीचा डेंटर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो!!
आता ऐका. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी दांडे असतात, तिथला सिल शोभेचा. स्पिटफायरच्या चासीला बाजूचे दांडे नाहीतच, मधला कणा तेवढा. मधल्या भागाची ताकद सिलमध्ये आहे. सिल म्हणजे उंबरा म्हणा, पण घर पेलणारा उंबरा. तो कापायचा तर दाराच्या चौकटीत आडवी पट्टी मारून मगच. आणि टब चासीवर ज्या बोल्टांवर बसतो तिथे प्रत्येक जागी पॅकिंगच्या चकत्या असतात, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. टब उचलताना कुठे किती होत्या हे लिहून ठेवलं नाही, तर परत बसवताना अंदाज पंचे.
दाराच्या फटी?

कॉव्हेंट्रीकर
मोजल्या. डाव्या दाराची मागची फट वर ८ मिमी, मध्ये ५, खाली ३. उजवीकडे सगळीकडे ५ च्या आसपास.
कर्ण पण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा ४ मिमी जास्त.
आता दोघं मिळून मला सांगा, कोणावर विश्वास ठेवू?

देवगडचा तांडेल
माझ्यावर. ४ मिमी म्हणजे पिळा.

पिंपरीचा डेंटर
वर रुंद, खाली चिंचोळी, म्हणजे दाराचा पुढचा खांब पुढे कलंडलाय. टबचं डावं पुढचं तोंड खाली गेलंय. बॉनेटच्या बिजागऱ्या चासीवर आहेत, त्या जागच्या हलल्या नाहीत. टब खाली गेला, बॉनेट वर राहिलं. होडीवाल्यांना हे कळायचं नाही.

देवगडचा तांडेल
होडीला दार नसतं म्हणून बरं. तुमच्या गाडीपेक्षा लाटेचा मार जास्त असतो.

लेस्टरची माई
भांडा तुम्ही. मी विम्याच्या ऑफिसात आहे म्हणून सांगते: फायबरचं बॉनेट लावलं की विमा कंपनीला कळवायचं, हा बदल धरतात. नाही कळवलं तर क्लेमच्या वेळी तोंड वाकडं करतात. जुन्या गाडीला टॅक्स किंवा एमओटीत (गाडीची वार्षिक तपासणी) मिळते त्या सवलतीला बॉनेटमुळे धक्का लागत नाही. तिथे चासी, ॲक्सल, इंजिन असले मोठे बदल बघतात.

हेराल्डकाका
तिकडचं बरं आहे. आपल्याकडे २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून म्हणतो, पत्रा सांभाळा. आमची चार दारांची, तशी हेराल्ड इंग्लंडातही निघाली नाही, फक्त मद्रासच्या कारखान्यात. मागच्या दाराची रबरं कुठे मिळतील कोणाला ठाऊक आहे का?

संपादक
हेराल्डकाका, रबरांसाठी वेगळा धागा काढा.

पिंपरीचा डेंटर
वाद मिटवायचा सोपा उपाय आहे. जुनं पत्र्याचं बॉनेट फेकलं नाही ना? तेच चढवा आणि डावा कोपरा मोजा. पत्रा भिंतीला टेकून पिळत नाही.

कॉव्हेंट्रीकर
फेकलं नाही, शेडमागे आहे. शेजाऱ्याला मदतीला बोलावतो. अजून एक: कॅचच्या भोकाजवळ केसाएवढी चीर दिसतेय. आणि डावा हेडलाइट मिणमिणतोय, तो वेगळा विषय.

देवगडचा तांडेल
वेगळा नाही. पत्र्याच्या बॉनेटमधून अर्थ (विजेची परतीची वाट) फिरत असेल तर फायबरमधून फिरणार नाही. दिव्यापासून चासीला स्वतंत्र वायर टाका. चीर जोरानं ओढल्यामुळे. कॅच लावणं आजपासून बंद. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे पुढे सरकणार नाही, आतून वरचा लेप खरवडून मॅटचे दोन थर द्या, आणि कॅचमागे तळहाताएवढी पत्र्याची पट्टी. साधा वायसर फायबरमध्ये रुततो.
रेझिन घरी कालवणार असाल तर एक जिवावरची गोष्ट: कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. कोबाल्ट घातलेलं तयार रेझिन मिळत असेल तर तेच घ्या.

कॉव्हेंट्रीकर (रविवार रात्री)
जुनं बॉनेट चढवलं. डावा कोपरा ५ मिमी वर!! आणि डाव्या बाजूच्या रबरी कोनला (बॉनेट मागे ज्यावर टेकतं तो) ते टेकतच नाही, बोट जातं मधून. म्हणजे फायबरचे ८, पत्र्याचे ५.

पिंपरीचा डेंटर
५ टबचे. म्हटलं होतं.

देवगडचा तांडेल
३ फायबरचे. मीही म्हटलं होतं.

लेस्टरची माई
घ्या, दोघांना पगार.

पिंपरीचा डेंटर
आता पुढच्या बाजूचे डावे बोल्ट बघा. पूर्ण काढू नका, सैल करा. गाडी चाकांवरच उभी हवी, जॅकवर नको. पॅकिंग किती आहेत ते उजव्या बाजूशी ताडून बघा.

कॉव्हेंट्रीकर (बुधवार)
उजवीकडे पुढच्या दोन्ही जागी चकत्या आहेत. डावीकडे एका जागी एक, दुसऱ्या जागी शून्य. नुसता गंजलेला ठसा. त्या गॅरेजला फोन केला, तर म्हणाले "होत्या तेवढ्याच लावल्या". चकत्या मागवल्या आहेत.

पिंपरीचा डेंटर
एकदम कसू नका. एक चकती घाला, चारही बाजूंनी थोडं थोडं कसा, दाराची फट बघा, मग दुसरी. दार नीट लागायला लागलं की थांबा. सिल वाकडा वेल्ड झाला असेल तर शेवटचा मिलिमीटर तसाच राहील, त्याच्या मागे लागू नका.

देवगडचा तांडेल
तोवर बॉनेट जमिनीवर सपाट. वर आलेल्या कोपऱ्यावर वाळूची पोती, दुसऱ्या कर्णाच्या दोन कोपऱ्यांखाली लाकडाचे ठोकळे, थोडं जास्तच वाकेल असं. घरात खोली तापवून ठेवा किंवा हीटर लांबून, हाताला कोमट लागेल इतपतच. चार-पाच दिवस. तसंच दाबलेलं असताना आतून आडव्या दोन बरगड्या चिकटवा. एका थराच्या मालाला बरगडी लागतेच. रंगाला महिनाभर हात लावू नका.

कॉव्हेंट्रीकर
महिनाभर? ड्राइव्ह इट डेला रंग नको का?

हेराल्डकाका
१९०० सालच्या हजार मैलांच्या चाचणी-फेरीची आठवण म्हणून तो दिवस असतो ना? त्या गाड्यांना कुठे बॉनेट धड होतं.

कॉव्हेंट्रीकर (नऊ दिवसांनी)
चकत्या बसल्या. दाराची फट आता वर ६, खाली ५. बॉनेट डावीकडे २ मिमी वर आहे, कोनला टेकतंय, कॅच दोन बोटांनी लागतो. बरगड्या चिकटवल्या. दिव्याला वायर टाकली, लख्ख लागतो. दिवाणखान्यात चार दिवस बॉनेट होतं, रेझिनच्या वासानं बायको माहेरी फोन करून बोलतेय. गाडी राखाडी प्राइमरमध्येच नेणार. चुकीची दोन भोकं मात्र अजून भरायची आहेत.

पिंपरीचा डेंटर
फोटो टाका.

देवगडचा तांडेल
भोकं दोन्ही बाजूंनी उतरती घासून मग भरा. नुसती लांबी (पुटी) भरून सोडलीत तर पावसाळ्यात बाहेर येईल.

हेराल्डकाका
रबरांचा धागा काढलाय. कोणीच उत्तर दिलं नाही.