बँकेच्या लिलावातलं घर, पण बांधकाम नकाशापेक्षा जास्त

सुदामानगरकर:
इंदूरमध्ये सरफेसीखाली (बँकांना थकीत कर्जाचं तारण विकू देणारा कायदा) लिलावाला निघालेलं घर बघतोय. नोटिशीत ताबा 'सांकेतिक' आहे. मंजूर नकाशा तळ अधिक एकचा, जागेवर वर आणखी एक मजला चढवलाय आणि मागचा एमओएस (घराभोवती मोकळी सोडायची जागा) पत्र्यानं झाकलाय. बयाणा भरण्याआधी काय काय तपासावं?

वकिली_चष्मा:
सांकेतिक ताबा म्हणजे घर बँकेच्या हाती आलेलंच नाही. प्रत्यक्ष ताबा मिळवून देणारा कलम १४ चा आदेश निघालाय का आणि कर्जदारानं जबलपूरच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज केलाय का, हे बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.
पैशांच्या मुदती फार कडक आहेत. बोली लागली की त्याच दिवशी, उशिरात उशिरा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बयाणा धरून २५ टक्के; उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर २५ टक्के जप्त. सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये अशी पूर्ण जप्ती कायम ठेवली. कर्ज काढणार असाल तर आधी मंजूर करून घ्या, मगच बोली लावा.

नकाशा_मोजणी:
बँकेनं विकलं म्हणून अवैध मजला वैध होत नाही. नगर निगमची (महापालिकेची) नोटीस पुढे नव्या मालकाला येते. निगमच्या भवन अनुज्ञा (बांधकाम परवानगी) शाखेतून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढा आणि आर्किटेक्टकडून जागेवर मोजून घ्या. जादा एफएआरचं (प्लॉटच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामाच्या मर्यादेचं) कम्पाउंडिंग, म्हणजे शुल्क भरून नियमित करणं, मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियमाच्या कलम ३०८-अ खाली ठराविक मर्यादेतच होतं; त्यापलीकडचं, किंवा पार्किंगमध्ये अथवा रस्त्याच्या रेषेत घुसलेलं, पाडावंच लागतं.
तुमच्या घरात मला पत्र्याची काळजी नाही, तो एका दिवसात उतरतो. जिना बघा. वरच्या मजल्याचा जिना एमओएसमधून चढत असेल तर तो तोडल्यावर मजल्याला वाटच उरत नाही. शिवाय कॉलम आणि पाया तळ अधिक एकाच मजल्याच्या हिशोबानं घातलेले असू शकतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या मजल्याची किंमत बोलीत धरू नका, उलट पाडण्याचा खर्च वजा करा.

थकबाकी_तपास:
संपत्तिकर, जलकर आणि वीजबिलाची थकबाकी त्या त्या कार्यालयातून काढा. 'जसं आहे, जिथं आहे' विक्रीत जुनं वीजबिल घेणाऱ्याकडून मागता येतं, हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलंय. प्लॉट आयडीएचा (इंदूर विकास प्राधिकरणाचा) लीजवरचा असेल तर थकलेलं लीज भाडं आणि नूतनीकरणही विचारा, नाहीतर नामांतरण तिथंच अडतं.