घारे डोळे म्हणजे नक्की कुठला रंग? (मांजरींच्या निमित्ताने)

घारे डोळे म्हणजे मांजरासारखे डोळे असं सगळे म्हणतात, पण मांजरांचे डोळे निळे, हिरवे, पिवळेधमक, अगदी तांब्यासारखेही असतात, मग यातला घारा कुठला?

→ माझ्या मते घारा हा रंगच नाही, तो फिकेपणा आहे. काळेभोर आणि गडद तपकिरी सोडून जे फिकं ते घारं. आणि गंमत म्हणजे मांजरांचं विज्ञान पण तेच सांगतं, बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच मुळी, सगळा खेळ मेलॅनिन नावाच्या गडद रंगद्रव्याचा, बुबुळाच्या पुढच्या थरात ते जवळपास नसलं की उजेड विखुरतो आणि डोळा निळा दिसतो, थोडं असलं की हिरवा, अजून वाढलं की पिवळा आणि भरपूर असलं की तांबूस. त्यामुळे निळा, हिरवा घाराच. पिवळा ओढूनताणून. तांबूस डोळ्याला मी तरी घारा म्हणणार नाही.

→ बुबुळ कुठलं पण? नेत्रदानात बुबुळ बसवतात ते तर पारदर्शक असतं ना, त्याला कसला रंग.

→ हा घोळ जुनाच आहे. शाळेच्या पुस्तकात पुढचं पारदर्शक ते पारपटल, त्यामागचा रंगीत पडदा ते बुबुळ आणि मधलं भोक म्हणजे बाहुली, मांजराची भर उन्हात उभ्या चिरेएवढी होते ती.

→ मग पिल्लं तर सगळीच घारी म्हणायची, डोळे उघडतात तेव्हा निळेच असतात.

→ हो, कारण मेलॅनिन तोवर बनलेलंच नसतं. दीड-दोन महिन्यांची झाली की रंग बदलायला लागतो, काठाशी निळं आणि बाहुलीभोवती पिवळट असं काहीतरी मधलंच दिसतं काही दिवस. त्यामुळे निळे डोळे बघून पिल्लाचं नाव नीलम ठेवायची घाई करू नये 😀

→ कायमचे निळे राहतात त्यात पण दोन प्रकार आहेत बरं का, दिसायला सारखंच पण कारण पार वेगळं. सयामी मांजरात मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम अर्धवट चालतं, तेही अंगाच्या थंड भागातच, म्हणून कान-शेपटी काळी, बाकी अंग फिकं आणि डोळे निळे. पांढऱ्याशुभ्र मांजरात किट नावाच्या जीनमधल्या बदलामुळे रंग बनवणाऱ्या पेशीच गर्भात जागेवर पोचत नाहीत, आणि त्याच पेशी आतल्या कानालाही लागतात, म्हणून अशी बरीच मांजरं बहिरी असतात (सगळी नाही!). डार्विनने १८५९ मध्येच मांजरांचे निळे डोळे आणि बहिरेपणा यांचा संबंध लिहून ठेवलाय. एकच डोळा निळा असेल आणि एकच कान गेलेला असेल, तर तो बहुतेक वेळा त्याच बाजूचा असतो. सयामीच्या पेशी जागेवर असतात, काम कमी करतात एवढंच, त्यामुळे कान शाबूत.

→ आणि अंधारात चमकतात ते? त्यालाही घारे म्हणतात काही जण.

→ ते चूक. ती चकाकी डोळ्याच्या मागच्या आरशासारख्या थराची, बुबुळाशी काही संबंध नाही. फोटोत बहुतेक मांजरांचे डोळे हिरवट-पिवळे चमकतात, सयामीचे मात्र लाल येतात.

→ टॉन्किनीज मांजराला काय म्हणाल मग? सयामी आणि बर्मी दोन्हींकडून एकेक जीन आलेला, डोळे धड निळे नाहीत, धड हिरवे नाहीत.

→ फिरोजी. घारं म्हटलं तरी चालेल पण फिरोजी जास्त नेमकं.