अंडाशय काढलेल्या मेंढीत नॅलोक्झोन देऊनही एलएच का हलत नाही?

जीवशास्त्र_पदव्युत्तर
मेंदूतले ओपिऑइड (अफूसारखं काम करणारी रसायनं) जीएनआरएचला, म्हणजे एलएच सोडायला लावणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाला, दाबून ठेवतात आणि नॅलोक्झोन त्यांचे रिसेप्टर अडवतं. मग ते दिल्यावर एलएच (अंडोत्सर्ग घडवणारं पिट्युटरीतलं संप्रेरक) वाढायलाच हवं. ल्युटिअल टप्प्यातल्या (अंडोत्सर्गानंतरच्या, प्रोजेस्टेरॉन जास्त असलेल्या) मेंढीत तसं होतंही. पण अंडाशय काढून दोन महिने झालेल्या मेंढ्यांत शिरेतून १ मिग्रॅ/किलो देऊनही आलेख तसाच राहतो. नमुने दर १५ मिनिटांनी, आधी २ तास आणि नंतर २ तास. डोस कमी पडतोय की गृहीतकच चुकलंय?

आर्क्युएट
डोस वाढवू नका, गृहीतकात एक दुवा राहिलाय. ओपिऑइडचा दाब आपोआप चालू नसतो, त्याला अंडाशयातल्या स्टेरॉइडांचा आधार लागतो. अंडाशय काढलं की दाब ओसरतो आणि नॅलोक्झोनला उठवण्यासारखं काही उरत नाही. माकडांत हे थेट मोजलं गेलंय: हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीकडे जाणाऱ्या पोर्टल रक्तात ल्युटिअल टप्प्यात भरपूर बीटा-एंडॉर्फिन हे ओपिऑइड सापडतं, अंडाशय काढल्यावर जवळजवळ सापडतच नाही.

जीएनआरएच पेशींवर इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर नसतो, त्यामुळे स्टेरॉइडांचा निरोप मधल्या पेशींमार्फत जातो. हायपोथॅलॅमसमधल्या आर्क्युएट केंद्रकातल्या एकाच पेशीत किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन असतात. न्यूरोकायनिन-बी पल्स (संप्रेरकाचा एकेक झटका) सुरू करतं, किसपेप्टिन जीएनआरएच सोडायला लावतं, डायनॉर्फिन हे ओपिऑइड ‘कप्पा’ प्रकारच्या ओपिऑइड रिसेप्टरमार्फत ती पल्स संपवतं. मेंढीत या भागातल्या जवळपास सगळ्या डायनॉर्फिन पेशींवर प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर असतात. म्हणून ल्युटिअल टप्प्यात पल्स तीन-चार तासांतून एकदा येते आणि माजाच्या तोंडावर तासाला एक.

तेव्हा स्टेरॉइडं परत द्या, पण क्रम पाळा. प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर तयार व्हायला इस्ट्राडायोल लागतं, आणि तुमच्या मेंढ्या दोन महिने त्याच्याविना आहेत. आधी इस्ट्राडायोलचं सिलिकॉन इम्प्लांट त्वचेखाली घाला, मग प्रोजेस्टेरॉनचं योनीत ठेवायचं साधन आठवडाभर तरी राहू द्या. नुसतं प्रोजेस्टेरॉन दिलंत तर निकाल अर्धवट येईल आणि दोष नॅलोक्झोनला जाईल.

पल्स_मोजणारा
वरच्याशी सहमत, पण नमुन्यांचं वेळापत्रकही लंगडं आहे. स्टेरॉइडं नसताना पल्स तासाला एक किंवा त्याहून दाट असते. १५ मिनिटांच्या अंतराने प्रत्येक पल्सला जेमतेम तीन-चार बिंदू मिळतात, शिखर हुकतं आणि खरी वाढ असली तरी दिसत नाही. ६ मिनिटांवर या. स्टेरॉइड दिलेल्या गटाला १० मिनिटं चालतील, पण त्यांच्या पल्स विरळ, म्हणून आधी ४ तास आणि नंतर ४ तास हवेतच.

नॅलोक्झोनचा असर फार टिकत नाही. एकच डोस दिला तर एखादी पल्स उठते, आणि ती औषधाची की तिच्या पाळीने आलेली, हे सांगता येत नाही. दर तासाला डोस द्या किंवा सतत ठिबक ठेवा. सलाइनचा गट वेगळा ठेवा. शेवटी सगळ्यांना जीएनआरएचचं एक इंजेक्शन द्या. त्यालाही एलएच वाढलं नाही तर दोष पिट्युटरीत आहे, ओपिऑइडची चर्चा तिथेच थांबते. आणि कॅथेटर आदल्या दिवशी बसवा; धरपकडीने कॉर्टिसॉल वाढतं, ते एलएच खाली ओढतं.

हंगामही बघा. माज नसलेल्या ऋतूत इस्ट्राडायोलचा दाब मुख्यतः ए-१५ गटातल्या डोपामिन पेशींमार्फत येतो. तेव्हा केलेला ओपिऑइडचा प्रयोग माजाच्या हंगामातल्याशी ताडून पाहू नये.

जीवशास्त्र_पदव्युत्तर
स्टेरॉइड दिल्यावर एलएच वाढलं, तर ते डायनॉर्फिनचंच काम म्हणता येईल का? की नॉर-बीएनआय (कप्पा रिसेप्टर अडवणारं औषध) वापरावं?

आर्क्युएट
नॅलोक्झोनवरून नाही म्हणता येणार. त्याची ओढ म्यू या दुसऱ्या प्रकारच्या ओपिऑइड रिसेप्टरकडे जास्त, मोठ्या डोसला कप्पाही अडतो. १ मिग्रॅ/किलोला दोन्ही मिसळलेले असणार.

नॉर-बीएनआय कप्पासाठी चांगलं, पण दोन सापळे आहेत. पहिल्या काही तासांत ते म्यूलाही अडवतं, म्हणून त्याच दिवशीचे नमुने निरुपयोगी. आणि कप्पावरचा असर कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतो, त्यामुळे त्याच मेंढीला नंतर सलाइन देऊन नियंत्रण म्हणून वापरता येत नाही. सलाइन आधी, औषध नंतर, किंवा सरळ वेगळे गट.

म्यू_पक्ष
सगळं डायनॉर्फिनच्या नावावर खपवू नका. मॉर्फिनने उंदरीतला अंडोत्सर्ग अडतो हे १९५५ मध्येच बॅराक्लो आणि सॉयर यांनी दाखवलं होतं, म्हणजे एन्केफॅलिन हे शरीरातलं ओपिऑइड सापडायच्या वीस वर्षं आधी. मॉर्फिन मुख्यतः म्यूवर काम करतं. ताणामुळे आणि पिलू पाजताना एलएच दबतं त्यातही बीटा-एंडॉर्फिनचा हात आहे. पल्सचा वेग मंदावण्यापुरतं डायनॉर्फिन मला पटतं, बाकीच्या दाबासाठी म्यूचा निवडक अडथळा लावून वेगळा गट करा.

स्त्रियांतही साचा तोच: पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत नॅलोक्झोनने एलएच हलत नाही, ल्युटिअल टप्प्यात वाढतं. दीर्घकाळ ओपिऑइड वेदनाशामकं घेणाऱ्यांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि डोपामिन दबल्यामुळे प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) ही चढू शकतं. तुमच्याकडे प्लाझ्मा उरणारच आहे, त्याच नळ्यांतून प्रोलॅक्टिनही मोजून टाका.