फरशी बदलताना : संगमरवर, टाइल की जुनीच लादी? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. ठाण्यातली आमची इमारत १९८७ ची. हॉलमध्ये अजून त्याच पिवळट मोझॅक लाद्या आहेत, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, आणि मोरीतलं पाणी मुरून खालच्या काकूंच्या छताला ओल आली आहे. त्यामुळे काम आता टळत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती वॉकर घेऊन चालते. बाबांच्या मनात मात्र गेली तीस वर्षं पांढरा संगमरवर आहे. नोकरीत असताना परवडला नाही, आता परवडतोय, तर त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चार दुकानं पालथी घातली. एक म्हणतो संगमरवराची सर कशाला नाही, दुसरा म्हणतो आता कोण बसवतं, मोरबीची टाइल घ्या. दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच सुंदर दिसतं. मला हवंय ते त्यावर पाच-दहा वर्षं वावरलेल्या माणसांचं म्हणणं. दगड कुठून आणला, कसा पारखला, काय बिघडलं, जे आठवेल ते लिहा.

नाशिक

ताई, बाबांना नाही म्हणू नका. फक्त दगड पाहायला स्वतः जा, आणि जाताना एक लिंबू आणि पाण्याची बाटली घेऊन जा.

आम्ही २०१६ मध्ये घर केलं तेव्हा मी राजस्थानातल्या किशनगढला गेलो होतो. जयपूर-अजमेर रस्त्यावर मैलोन्‌मैल गोडाऊनं आहेत. ही मंडी आहे, खाण नव्हे. इथे मकराणा, राजनगर, अंबाजी, कटनी, इटलीचा, सगळीकडचा माल एकाच आवारात उभा असतो, आणि पांढऱ्या दगडाला ‘मकराणा’ म्हणून विकायला कुणाला काही लागत नाही. खऱ्या मकराण्याचा दगड जवळजवळ निव्वळ कॅल्साइट या खनिजाचा. ताजमहाल त्याचाच, कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याचंच. राजनगरचा पांढरा दगड डोलोमाइट या दुसऱ्या खनिजाचा. दोन्ही चांगले, पण वेगळे, आणि भावातही फरक. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला दोन्हींच्या कपच्या हातात दिल्या आणि त्यांवर लिंबू पिळायला सांगितलं. मकराण्याच्या कपचीवर थेंबाच्या कडेने लगेच बारीक बुडबुडे धरले, पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली. दुसरीवर बराच वेळ काही दिसेना. म्हणजे अस्सल दगडच लिंबाला आधी बळी पडतो. ते पाहून मी तिथेच ठरवलं की संगमरवर हॉल आणि देवघरात लावायचा, ओट्यावर नाही.

पाण्याची बाटली कशासाठी, तर स्लॅब उलटा करून पाठीवर पाणी मारायचं. मला आवडलेल्या एका स्लॅबचं पाणी दोन मिनिटांत सुकलं, पण केसाएवढी एक रेघ कोपऱ्यापासून मध्यापर्यंत ओलीच राहिली. पुढून पाहाल तर काही नाही, वरून रेझिन भरून पॉलिश केलेलं होतं. अशी भेग कापताना किंवा बसवताना उघडते. बोटाच्या पेराने ठोकूनही पाहा, धड दगड खणखणीत वाजतो, भेगाळलेला बोदा. इटालियन स्लॅबच्या पाठीला जाळी चिकटवलेली असते, तिथे ही पारख चालत नाही. तिथे मालकाच्या शब्दावर जावं लागतं, म्हणून मी गेलो नाही.

आणखी दोन गोष्टी. स्लॅबच्या कडा वाकड्यातिकड्या असतात. माप घेताना आत बसणारा सरळ चौकोन मोजायला लावा, नाहीतर टोकापासून टोकापर्यंत टेप लावतात आणि चौरस फुटांचे पैसे तुमच्या अंगावर येतात. आणि एकाच ठोकळ्यातून निघालेल्या स्लॅबांवर ओळीने नंबर टाकून घ्या. आम्ही हॉलमध्ये सिमेंट लावण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडून पाहिले. शिरा एका स्लॅबातून दुसऱ्यात वाहत गेलेल्या दिसल्या तेव्हा आमच्या वडिलांनी खुर्ची आणून तिथेच बसकण मारली होती. ते आता नाहीत. ती जागा अजून तशीच आहे.

डोंबिवली

वरच्या दादांच्या लिंबाला माझी साक्ष. आमच्या ओट्याला पांढरा संगमरवर आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून. चिंच, कोकम, टोमॅटो, दही, काही सांडलं की तिथे चकाकी जाते. त्याला डाग म्हणतात, पण तो डाग नसतो, दगडच खाल्ला गेलेला असतो. पुसून जाणार कसा? ओट्याला ग्रॅनाइटच घ्या. आणि सिलिंडर कधी थेट संगमरवरावर ठेवू नका. खालच्या कड्याचा तांबेरा दगडात उतरतो, आमच्याकडे ते गोल वळं बारा वर्षं तसंच आहे.

पुणे, सिंहगड रस्ता

राहत्या घरात काम करायचं म्हणून आम्ही जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली. तोडफोड नाही, राडारोडा नाही, सोसायटीची कटकट कमी. आठ दिवसांत काम संपलं आणि आम्ही खूश.

पण हे करण्याआधी तीन गोष्टी बघाच. जुनी फरशी एकेक करून ठोका. जी पोकळ वाजेल ती उचलून नीट बसवल्याशिवाय वर चिकटवू नका. आम्ही सगळी ठोकली नाही, म्हणून दोन वर्षांत खिडकीपाशी चार टाइल्स तंबूसारख्या उचलल्या गेल्या. दुसरं, जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. दारं खालून कापावी लागली, बाल्कनीचा उंबरा जवळजवळ गायब झाला, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात पाणी आत. तिसरं वजनाचं. दहा मिलिमीटरची टाइल आणि चिकटवायचं ॲडेसिव्ह धरून चौरस फुटाला अडीच-तीन किलो वाढतात, ते चालतं. संगमरवराचं गणित वेगळं. अठरा मिलिमीटरचा दगडच साडेचार किलोच्या घरात, त्याखाली दोन इंच मालाचा थर नऊ-दहा किलो. जुनी फरशी न काढता त्यावर हे चढवायचं असेल तर जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ठाण्यातल्या ताई, तुमची १९८७ ची म्हणजे विचाराच.

चिपळूण

कोकणातल्यांसाठी लिहितो. जून-जुलैत हवा दमट आणि फरशी गार, मग गुळगुळीत जमिनीला अक्षरशः घाम येतो. आमच्याकडे त्याला जमिनीला पाणी सुटलं म्हणतात. माजघरात गुळगुळीत टाइल लावली आणि पहिल्या पावसाळ्यात आमची मोठी काकी त्यावर दोनदा घसरली. पुढे पडवीला कोटा लावताना घोटाई मुद्दाम अर्ध्यावर थांबवली, पायाला थोडी खर लागते. मागच्या पडवीत, जिथे सुपारी सोलतात आणि नारळ फुटतात, तिथे वडिलांनी टाकलेली शहाबादी फरशी आहे. चाळीस वर्षांत एकही बदलली नाही. शहाबादला हल्ली कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दादर, मुंबई

काढण्याआधी एक विचार करा. जुनी मोझॅक लादी म्हणजे सिमेंटात संगमरवराच्याच कपच्या. वरचा थर झिजून, मेण-साबण बसून ती पिवळी दिसते. आम्ही मशीन लावून घोटून घेतली. आधी भरड दगड, मग क्रमाने बारीक, प्रत्येक फेरीनंतर भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरायची, वाळू द्यायची, पुन्हा घोटायचं. तिसऱ्या फेरीला कपच्यांमधून तांबडा, हिरवा, शिंपल्यासारखा पांढरा असे रंग वर आले. लहानपणी पालथं पडून आम्ही याच कपच्यांत प्राणी शोधायचो. तो कोपऱ्यातला हत्ती सापडला तेव्हा माझा भाऊ, पन्नाशीचा माणूस, ओलसर डोळ्यांनी हसत होता.

खबरदारी एकच. घोटाईचा पांढरा चिखल मोरीच्या जाळीत जाऊ देऊ नका. तो नळात बसतो आणि दगड होतो. आमच्या कामगाराने पहिल्या दिवशी तेच केलं आणि तळमजल्यापर्यंतचा पाइप फोडावा लागला. बादल्यांत भरून, निवळ येऊ देऊन, गाळ गोणीत भरून द्या.

कोल्हापूर

मी सिव्हिल इंजिनिअर, रोज हेच काम. टाइलचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइलचा खरा गुण म्हणजे ती पाणी पीत नाही, शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. पण त्याच कारणामुळे ती साध्या सिमेंट-रेतीला नीट धरत नाही. ॲडेसिव्ह लावा, आणि ते दात्यांच्या थापीने पूर्ण पाठीला पसरलं पाहिजे. चार कोपऱ्यांना चार गोळे आणि मध्ये एक, असं करणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा. टाइल पुढे फुटते ती या पोकळीवरच.

संगमरवरासारखी दिसणारी टाइल घेताना ‘फेस किती’ हे विचारा. टाइल छापलेली असते. एकाच डिझाइनचे चार फेस, म्हणजे चार वेगळे छाप, असतील तर चौथ्या टाइलनंतर तीच शीर परत दिसते, आणि एकदा दिसली की रोज दिसते. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच हवा. दोन-चार खोकी जास्त घ्या आणि माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी ते डिझाइन मिळत नाही. दोन बाय चारच्या खोक्यात बहुधा दोन टाइल्स, सोळा चौरस फूट. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, सात खोकी धरली तर तुटफुटीला थोडं उरतं. तिरकी बसवणार असाल तर आठ.

बाथरूमला आर-१० किंवा आर-११ (टाइल किती कमी घसरते त्याची श्रेणी) लिहिलेलीच घ्या. ती चकचकीत नसते, आणि तुमच्या आईसाठी तीच हवी. पण टाइल वॉटरप्रूफिंग करत नाही. जुना कोबा खणून, पाइप तपासून, नवं वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवा. खालच्या काकूंच्या छतावर ओल आली नाही तरच वर टाइल.

नागपूर

आमचं दुःख ऐका. सुंदर अंबाजी संगमरवर बसला, घोटाई झाली, रंगकाम आटोपलं. शेवटच्या दिवशी ठेकेदाराने साफसफाईला माणूस पाठवला, त्याने सिमेंटचे आणि रंगाचे ठिपके काढायला बाथरूमचं ॲसिड पाण्यात घालून हॉलभर ओतलं. मी पोचले तेव्हा फरशीवर फेस होता. पुसल्यावर सगळा हॉल खडूने घासल्यासारखा. पुन्हा घोटाई करावी लागली, पैसे आमचेच. म्हणून सांगते, संगमरवर किंवा कोटा बसवलात तर घरात ॲसिडची बाटलीच येऊ देऊ नका.

रंगकामाआधी फरशीवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर देतात, तो द्या. गोणपाट किंवा ओला पेंढा अंथरू नका, त्याचा तपकिरी रंग पांढऱ्या दगडात उतरतो. आणि दगड बसवताना पांढरंच सिमेंट वापरायला लावा. करड्या सिमेंटची सावली पांढऱ्या संगमरवरातून वर दिसते.

न्यू जर्सी

इथे स्वयंपाकघरात व्हरमाँटमधल्या डॅन्बीच्या खाणीतला संगमरवर लावला. घर घेतलं तेव्हा नवऱ्याची हौस, आणि मला भीती हळदीची. पॉलिश न करता मंद, रेशमी फिनिश ठेवलं, त्यामुळे आंबटाच्या खुणा फारशा नजरेत भरत नाहीत. डाग बसू नये म्हणून दरवर्षी सीलर लावतो, पण सीलर आंबटापासून वाचवत नाही, ते फक्त डागाला वेळ देतं.

हळदीचं एक सांगते, कारण इथे कुणालाच माहीत नव्हतं. फोडणीचा डाग पडला तेव्हा पुसलं, सोडा लावला, तरी पिवळा ओघळ राहिलाच. आई फोनवर म्हणाली, “अगं, हळदीचे कपडे उन्हात टाकतो ना आपण?” खिडकीतून दुपारचं ऊन नेमकं त्या भागावर येतं. चार दिवसांत डाग फिका झाला, आठव्या दिवशी शोधून सापडेना. तेलाला मात्र ऊन चालत नाही. देवघरातल्या समईखाली ताट ठेवाच.

पुन्हा ठाणे

मंडळी, सगळं वाचून बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दादरचा हत्ती दोनदा वाचायला लावला.

काल आम्ही तिघं भिवंडी रस्त्यावरच्या एका गोडाऊनला गेलो, लिंबू आणि बाटली घेऊन. मालकाने आधी कुरकुर केली, मग स्वतःच माणसं लावून सहा स्लॅब उलटे करून दिले. दोनांवर ओली रेघ निघाली, ते सोडले.

ठरलं ते असं. मोरीला आणि बाथरूमला आर-११ ची टाइल, वॉटरप्रूफिंग पहिलं. ओट्याला ग्रॅनाइट. हॉलची मोझॅक राहणार आणि घोटली जाणार. आई म्हणाली, वॉकर तिच्यावर सरकत नाही, मला तिची सवय आहे. बाबांचा संगमरवर खिडकीपाशी, जिथे ते सकाळी पेपर वाचतात, तेवढ्याच सहा बाय आठ फुटांत बसेल. तेवढीच मोझॅक उखडायची, म्हणजे जमीन वर येणार नाही आणि वजनही फार वाढणार नाही. इंजिनिअर सोमवारी पाहायला येतोय. दोन स्लॅब पुरतात. ते बाबांनी स्वतः निवडले आणि पाठीवर खडूने एक आणि दोन लिहिलं.