मुलाखतीआधी कलाकाराने नकाराची यादी पाठवावी का?

तिसरी घंटा

मुलाखतीत किंवा फोटोशूटला एखादी गोष्ट नको असेल तर ती आधी लेखी कळवावी, की वेळ आल्यावर तिथल्या तिथे नाही म्हणावं? माझं मत: आधी, लेखी आणि मोजकं.

प्रश्न कानावर पडल्यापासून चेहऱ्यावर काहीतरी उमटेपर्यंत सेकंदही जात नाही. तेवढ्यात माणूस कसनुसं हसतो, खाली बघतो, "म्हणजे... तसं काही नाही" असं पुटपुटतो. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. नकार किती ठाम होता हे नंतर कुणी बघत नाही, ते कसनुसं हसू मात्र फिरत राहतं. आधी कळवलं असेल तर निदान तो प्रश्न अचानक येत नाही.

मेल दोन दिवस आधी जावा. फक्त वेळ ठरवणाऱ्या माणसाला नव्हे, जो समोर बसून प्रश्न विचारणार त्यालाही. बहुतेक वेळा मधल्या मध्ये निरोप गळतो आणि मुलाखतकाराला खरंच काही माहीत नसतं. विषय जास्तीत जास्त तीन. दहा लिहिले की उरलेल्या गप्पांत कुणाला रस राहत नाही. कारण देऊ नका. आणि विषय ढोबळ ठेवा: "कुटुंबाबद्दल बोलणार नाही" एवढंच. "भावाच्या खटल्याबद्दल विचारू नये" असं लिहिलंत तर कुठे दुखतंय ते तुम्हीच बोट ठेवून दाखवलंत.

शिळी बातमी

साफ असहमत. ढोबळ लिहा की नेमकं, यादी म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेला नकाशाच.

पहिली गोष्ट, ती यादी कुणावर बंधनकारक आहे? वेळ ठरवणाऱ्याने "हो हो" म्हटलं म्हणून संपादक बांधला जात नाही. चांगलं वृत्तपत्र अशी अट मान्यच करत नाही, किंवा करतं आणि मजकुरात एक ओळ घालतं: "कुटुंबाविषयी प्रश्न न विचारण्याच्या अटीवर ही मुलाखत झाली." झालं, वाचकाच्या डोक्यात तीच ओळ राहणार.

दुसरी गोष्ट, "ऑफ द रेकॉर्ड", म्हणजे छापायचं नाही या बोलीवर बोलणं. बोलून झाल्यावर "हे ऑफ द रेकॉर्ड हं" म्हणण्याला काडीचा अर्थ नसतो. तो दोघांमधला करार आहे, बोलण्याआधी करायचा आणि समोरच्याने स्पष्ट "ठीक आहे" म्हणायचं. त्याने नुसती मान डोलावली तर तो करार धरू नका. मेकअपच्या खुर्चीत मारलेल्या गप्पा, लिफ्टमधलं बोलणं, दारापर्यंत सोडायला येताना विचारलेला "जाता जाता एक" प्रश्न, हे सगळं मुलाखतीतच मोजलं जातं. वही मिटली म्हणजे मुलाखत संपली, असं नसतं.

तिसरं, "छापण्याआधी मजकूर दाखवा" ही मागणी. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २०१२ मध्ये आपल्या वार्ताहरांना स्पष्ट बजावलं की अवतरणं मंजुरीसाठी स्रोताकडे पाठवण्याची अट मान्य करायची नाही. तारखा, नावांची स्पेलिंगं, कामांचे तपशील तपासून घ्यायला मात्र कुणाचीच ना नसते. तेवढंच मागा, आनंदाने मिळेल.

मग करायचं काय, तर उत्तरात सीमा आखायची. डिसेंबर २०१२ मध्ये अभिनेत्री अ‍ॅन हॅथवे अमेरिकेतल्या टुडे या टीव्ही कार्यक्रमात बसली होती. गाडीतून उतरताना छायाचित्रकारांनी टिपलेल्या तिच्या नको त्या फोटोवरूनच निवेदकाने सुरुवात केली. ती चिडली नाही. कुणाच्या बेसावध क्षणाचा फोटो काढून विकणं याबद्दल दोन वाक्यं बोलली आणि तिथूनच आपल्या भूमिकेकडे वळली. कुठलीही यादी हे करू शकली नसती.

तिसरी घंटा

हॅथवेचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. तसं वळण घ्यायला कसलेलं डोकं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याने काय करायचं? उठून जायचं?

एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर कृष्णन गुरु-मूर्तींचे प्रश्न अभिनेता रॉबर्ट डाउनी ज्युनियरच्या व्यसनांच्या, तुरुंगाच्या काळाकडे वळले तेव्हा तो उठून गेला. आलेला होता नव्या चित्रपटाबद्दल बोलायला. माझ्या मते त्याचं काहीही चुकलं नाही.

शिळी बातमी

चुकलं कुणी म्हटलंय? पण त्या मुलाखतीतलं लोकांना आज काय आठवतं? उठून जाणं. चित्रपटाबद्दल काय बोलला ते कुणी सांगेल?

उठायचंच असेल तर त्याचीही रीत आहे. आधी एक पूर्ण वाक्य बसूनच बोलायचं: "मी कामाबद्दल बोलायला आलो होतो, आता थांबतो." मग कॉलरचा माइक काढायचा. लोक इथेच फसतात. क्लिप ओढून काढतात, वायर शर्टाच्या आतून गेलेली असते, ती अडकते, माणूस झटापट करताना दिसतो आणि तीच क्लिप फिरते. वायर आतून असेल तर हात लावू नका, ध्वनीवाल्याला "काढता का?" म्हणा आणि शांत उभे राहा. शिवाय माइकचा आवाज पाठवणाऱ्या कमरेच्या डबीचा दिवा चालू आहे तोवर खोलीबाहेर गेल्यावरही त्याच्या हेडफोनमध्ये तुमचा शब्दन् शब्द ऐकू जातो. मध्यंतरात बाथरूमला जातानाही डबी काढून ठेवावी. हे विसरलेले लोक थोडे नाहीत.

आणि नकाराचं वाक्य एकच ठेवा. "त्याबद्दल मी बोलत नाही. प्रयोगाबद्दल विचारा." पुन्हा विचारलं तर अक्षर न बदलता तेच, त्याच आवाजात. तिसऱ्यांदाही तेच. दर वेळी वेगळं बोललात तर संपादनाच्या टेबलावर तीन तुकडे जातात आणि त्यातला सगळ्यात तुसडा वापरला जातो. एकच वाक्य तीनदा आलं तर वापरण्याजोगं काही उरत नाही. प्रश्नातला बोचरा शब्द आपल्या तोंडी येऊ देऊ नका. "मी भांडखोर नाही" म्हटलंत की मथळ्यात "भांडखोर" आलंच. उत्तरानंतर समोरचा गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. ती शांतता तुम्ही भरावी म्हणूनच तो थांबलेला असतो.

उजेडवाला

तुमची सगळी चर्चा शब्दांवर चाललीय. फोटोशूटचं गणित वेगळं आहे. तिथे "नंतर बघू" चालत नाही. नंतर फोटो काढून झालेला असतो.

म्हणून शूटपुरता मी घंटाबाईंच्या बाजूचा. आधी, लेखी. काय लिहायचं: किती लुक, कोणते कपडे, किती तास, सेटवर कोण कोण असणार, मोबाइलवर पडद्यामागचं चित्रण होणार का, आणि फोटो कुठे, किती काळ वापरणार. मूडबोर्ड, म्हणजे फोटो कसे हवेत ते दाखवणारा चित्रांचा तक्ता, आधी मागवा आणि नीट बघा. त्यातल्या संदर्भचित्रांत ओले कपडे किंवा पलंग दिसला तर तो प्रश्न तेव्हाच सोडवा, सेटवर नव्हे.

धोका असतो तो शेवटच्या अर्ध्या तासात. ठरलेले फोटो झालेले, सगळे दमलेले, वातावरण सैल, आणि कुणीतरी म्हणतं, "आता एक जरा वेगळं करून बघू, आवडलं नाही तर डिलीट करू." जे मूडबोर्डावर नाही ते आज नाही, एवढं उत्तर पुरे. डिलीटच्या भरवशावर राहू नका. तारेने जोडलेला कॅमेरा असेल तर फ्रेम क्लिक होताच लॅपटॉपवर जाते, पुष्कळ कॅमेरे एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितात. पडद्यावरून गेलेली फ्रेम इतरत्र असतेच.

कपड्यांचं एक: आरशात जाड वाटणारं कापड फ्लॅशखाली किंवा मागून दिवा पडला की आरपार दिसतं. पहिल्याच लुकला त्याच दिव्यांत चाचणीचा एक फोटो काढायला सांगा आणि तो पडद्यावर मोठा करून बघा. फोनवर काढून काही कळत नाही, फोनचा फ्लॅश कमजोर असतो. उंच स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला गेला तर लगेच विचारा, "फ्रेम कुठून कुठपर्यंत?" चेहऱ्याचाच फोटो असता तर कॅमेरा खाली आला नसता.

पण प्रत्येक फोटोला कलाकाराची मंजुरी, याला माझा ठाम विरोध. दिवसभरात सहज सातआठशे फ्रेम होतात. त्या सगळ्या बघायला दिल्या की माणूस स्वतःचं नाक बघत बसतो आणि जिवंत फोटो आधी बाद होतात.

पडद्यामागची

उजेडराव, शेवटचा परिच्छेद सोडून सगळं मान्य. मंजुरी नाकाचीच असते असं नाही, मंजुरी म्हणजे नंतर संगणकावर काय केलं जातं त्यावर लगाम. २०१५ मध्ये एका मासिकाने अभिनेत्री झेंडायाच्या फोटोत तिचे नितंब आणि धड बारीक केलं. तिने मूळ फोटो शेजारी ठेवून दाखवला तेव्हा मासिकाने तो अंक मागे घेतला. २०१७ मध्ये ग्राझिया मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर अभिनेत्री लुपिता न्योंगोचे केस फोटोतून काही उडवून, उरलेले गुळगुळीत केले, मग छायाचित्रकाराने माफी मागितली. दोघींचीही तक्रार फोटो वाईट आला ही नव्हती. आपलं शरीर, आपले केस आपल्याला न विचारता बदलले, ही होती.

कराराला एक ओळ पुरते: "डाग, सुटे केस, कपड्याच्या सुरकुत्या काढता येतील, शरीराचा आकार, त्वचेचा रंग आणि केसांचा पोत बदलणार नाही." आता आणखी एक हवी: "या फोटोंपासून यंत्राने नव्या प्रतिमा तयार करता येणार नाहीत." अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेचा २०२३ चा संप ज्या मुद्द्यांवर झाला त्यात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हाही होता. फोटोलाच सूट का द्यायची?

आणि मी निवडलेल्या फोटोंबद्दल बोलतेय. सातआठशेतून तुम्ही तीस काढा, त्यातले पाच बाद करायचा हक्क कलाकाराला द्या, उत्तर चोवीस तासांत. उत्तर आलं नाही तर हक्क संपला.

उजेडवाला

तिसातले पाच, चोवीस तास, हे चालेल. अशा अटीला कुणी नाही म्हणू नये. मला भीती आहे ती ताणण्याची. २०१५ मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या मैफलींच्या छायाचित्रकारांपुढे जो करार ठेवला होता त्यात छायाचित्रकाराला फोटो एकदाच वापरता येणार होता, कलाकाराच्या बाजूला मात्र तो प्रसिद्धीसाठी वापरत राहायची मुभा होती. बोंब झाल्यावर त्याच वर्षी जुलैत तो बदलला. सीमा स्वतःभोवती आखायची असते, दुसऱ्याच्या पोटावरून नाही.

विंगेतला

सगळं वाचलं. हे सगळं नाव झालेल्यांसाठी आहे. नवख्याने तीन विषय आणि पाच फोटोंची अट घातली तर त्याच्या जागी संध्याकाळपर्यंत दुसरा उभा असतो.

पडद्यामागची

अर्धं खरं. पण नवख्याने अट घालायची नाही, विचारायचं. "शूटला कोणते लुक आहेत, आणि कपडे बदलायला बंद दार आहे ना?" ही अट वाटत नाही, तयारी वाटते. उत्तर लेखी आलं की तेच तुमचं कागदपत्र. सोबत एक माणूस न्या आणि त्याला काम द्या: कपड्यांची पिशवी सांभाळणं. नुसता उभा राहिला तर बाहेर बसवतात, पिशवीवाल्याला आत असावंच लागतं.

कोंडे नास्ट या मासिकांच्या समूहाने जानेवारी २०१८ मध्ये शूटची आचारसंहिता काढली. सेटवर दारू नाही, अठरा वर्षांखालील मॉडेल नाही, उघडं अंग किंवा पारदर्शक कपडे असतील तर आधी संमती. मोठ्या घरात असं लिहून ठेवलेलं असतं. "तुमची आचारसंहिता पाठवाल का?" हा प्रश्न नवखाही विचारू शकतो. नाही म्हणाले तरी तुम्हाला पुष्कळ कळलं.

शिळी बातमी

हे मला पटलं. यादीपेक्षा प्रश्न बरा. पण नवख्याने एक चूक टाळावी: जंकेटला, जिथे प्रसिद्धीसाठी पाचपाच मिनिटांच्या मुलाखतींची रांग असते, तिथे नकाराचं वाक्य बोलल्यावर प्रसिद्धीवाल्याकडे मान वळवू नये. ती नजर कॅमेरा पकडतो, आणि हा स्वतःहून बोलत नाही असं दिसतं. मध्ये पडायचंच असेल तर प्रसिद्धीवाल्याने दोन प्रश्नांच्या मध्ये "शेवटची दोन मिनिटं" म्हणावं, उत्तर चालू असताना नाही.

तिसरी घंटा

बरं, मेलचा मसुदाच टाकते, फाडा:

"नमस्कार. गुरुवारच्या मुलाखतीसाठी नवं नाटक, तालमीची पद्धत आणि पुढची कामं यांवर भरपूर बोलायला आवडेल. कुटुंबाबद्दल मी सार्वजनिक बोलत नाही, तो प्रश्न आल्यास एवढंच सांगेन. कृपया अशा प्रश्नांचा मजकुरात उल्लेखही करू नये. फोटोंसाठी लुक आणि सेटवरच्या माणसांची यादी बुधवारी दुपारपर्यंत मिळावी."

शिळी बातमी

"उल्लेखही करू नये" काढा. ते वाचूनच संपादकाचे कान टवकारतील. बाकी मेल समोरून आला असता तर मी मान्य केला असता, हे कबूल करतो. मूळ मुद्द्यावर अजूनही असहमत.

उजेडवाला

आणि बुधवारी दुपार उशीर आहे. कपडे मंगळवारीच निघालेले असतात.