उंदराचं रक्त पिऊन कोणी संत होते का?

फुटाळ्याचं घुबड:
काल रात्री लाइट गेली होती (मे महिना, जाणारच) तर मोबाइलच्या टॉर्चवर 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' संपवलं, अ‍ॅन राइसचं, १९७६ चं. त्यातला हा लुई, रक्त पिऊन जगणारा अमर व्हॅम्पायर, माणसं मारायची नाही म्हणून उंदरांवर भागवते आन लोकं म्हणते बिचारा. कायचा बिचारा बे? १७९१ मध्ये दात यायच्या आधी याचा लुइझियानात निळीचा मळा होता, गुलाम राबायचे, तेव्हा दुसऱ्याच्या रक्तावर जगतो आहे असं काही वाटलं नाही याले. श्रावणात सावजी मटन सोडून अंडाकरी हाणणारा गडी आहे हा.

महालची पुस्तकवाली:
श्रावणाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय दादा. आपला श्रावण पोळ्याला संपतो, लुईचा संपतच नाही. रोज रात्री तीच भूक, रोज नव्यानं ठरवायचं, काही वर्षं टिकला आणि एका रात्री घसरला तर मागचं सगळं पाण्यात का? अक्कल उशिरा आली म्हणा, ढोंग नका म्हणू. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त सगळ्यांच्या डायऱ्या आहेत, त्यातल्या व्हॅम्पायर काउंटचीच नाही, म्हणून त्याला सरळ राक्षस म्हणून मोकळं होता येतं. इथं राक्षसच बोलतोय, मग आपली पंचाईत होते.

फुटाळ्याचं घुबड:
बोलते तर लय गोड. क्लॉडियाचं काय मग? पाच वर्षांची पोरगी, आधी रक्त प्यालं लुईनं, मग लुईले व्हॅम्पायर करणाऱ्या लेस्टाटनं तिले अमर केलं. डोकं बाईचं झालं, अंग तेवढंच राहिलं. तिले विचारलं होतं का कोणी?

महालची पुस्तकवाली:
नाही विचारलं. इथं माझ्याकडे उत्तर नाही.

सक्करदऱ्याचा नातू:
मी लुईच्या विरोधात. आमची आजी ९४ ची. मागच्या महिन्यात तिच्या वयाची गल्लीतली शेवटची मैत्रीण गेली तर रडली नाही, फक्त तिची पानाची चंची मागून आणली आन उशीखाली ठेवली. रोज विचारते, यादीत नाव राहून गेलं का रे माह्यं? आपल्याकडे अश्वत्थाम्यानं झोपलेली पोरं मारली तर कृष्णानं त्याले मरण नाही दिलं, जगायचा शाप दिला. त्याले सुटका नाही. लुईले आहे, ऊन लागलं की खेळ खतम. मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात बर्डीवर उभा राह्य म्हणा.

महालची पुस्तकवाली:
😂 पण मरायची भीती वाटते म्हणूनच तो अजून माणूस आहे ना? आणि शेवटी बघा, मुलाखत घेणारा पोरगा एवढी रडकथा ऐकून म्हणतो काय, मलाही व्हॅम्पायर बनव.

फुटाळ्याचं घुबड:
नातू, आजीले विचारून पाह्य न, बनते का.

सक्करदऱ्याचा नातू:
विचारलं. म्हणे दात नाही मले, चावू कायनं.