तुमचा एक नंबरचा पिक्चर कोणता, अन् तो कुठं बसून बघितला?

गेल्या महिन्यात केजला लग्नात पंगती उठल्या, मांडवात पंखे फिरत होते अन् वाद पेटला. दाजी म्हणाले, 'शोले'च्या वर काही निघालंच नाही. पुतणी म्हणाली, तुम्ही 'सैराट' नीट बघितलाच नाही. मावशीनं 'माहेरची साडी' म्हणताच सगळे हसले, ती रुसून पानाचा डबा घेऊन आत गेली. वऱ्हाडाची गाडी तासभर खोळंबली.

तो वाद इथं पुरा करू. एकच सिनेमा सांगायचा. समीक्षा नको. कुठं, कुणासंगं बघितला अन् डोक्यातून का जाईना, ते सांगा. भांडलात तरी चालेल.

माझा 'सामना', १९७५चा, जब्बार पटेलांचा. आम्ही बीडकडचे, म्हणजे दिवाळी झाली की ऊसतोडीचा कोयता. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, अन् मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की हंगामभर सुटका नाही. मी सहावीत असताना आईबापासंगं कारखान्यावर होतो. आमच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, थोडं पुढं स्लिपबॉयची, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाची खोली, तिच्यात टीव्ही. आम्ही दहा-बारा जण खिडकीबाहेर उभे. निळू फुल्यांचा हिंदुराव साखरेचा सम्राट, अन् श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर सारखं एकच विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? बापाला सिनेमा अर्धाच कळला, प्रश्न मात्र पक्का बसला. पुढं दरसाल पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुकादम हिशोब सांगायचा, फिटले इतके, अंगावर राहिले इतके. बाप मान डोलवायचा अन् माझ्याकडं बघून हळूच म्हणायचा, 'मारुती कांबळेचं काय झालं?' विजय तेंडुलकरांचा प्रश्न आमच्या घरी असा उचलीच्या हिशोबाला जुंपला होता.

लोहा, जि. नांदेड (एसटीतून निवृत्त)

'शोले'च. दाजींना माझा रामराम सांगा.

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत बघितला, तंबूत. मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ला लागला, आमच्या तंबूपर्यंत यायला त्याला कैक वर्षं लागली. प्रिंट इतकी घासलेली की रामगढात बारमाही पाऊस पडायचा. पडदा तंबूच्या मधोमध, दोन्हीकडं माणसं खाली बसलेली. आम्ही मागच्या अंगाला. त्यामुळं माझ्या डोक्यात अमिताभ पक्का उजव्या हाताचा होता! नोकरी लागल्यावर नांदेडला टॉकीजात बघितला तर गडी डावखुरा. मी दोस्ताशी पैज लावली होती, हरलो. पाच रुपये गेले, तेव्हाचे.

अन् त्या रात्री ऑपरेटरनं रिळं उलटीपालटी लावली. जय मेला, बायका डोळ्याला पदर लावून बसल्या, अन् पुढच्या रिळात तोच जय वीरूसंगं मोटारसायकलवर गाणं म्हणत आला. तंबूत एकच गलका, 'येळकोट येळकोट!' एक म्हातारी म्हणाली, खंडोबा पावला. मला अजूनही शेवट तोच खरा वाटतो.

(खरा शेवट तरी कुठं दाखवला होता म्हणा. ठाकूर गब्बरला पायानं चिरडून मारतो असं चित्रीकरण झालं होतं. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलं अन् पोलिस आणून उभे केले.)

छत्रपती संभाजीनगर

'मुघल-ए-आझम'. वडिलांमुळं. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दू माध्यमाची. ज्ञानेश्वरी मराठीत वाचायचे, पण घरखर्चाची वही मरेपर्यंत उर्दूत लिहिली. १९६०च्या या सिनेमातले संवाद त्यांना तोंडपाठ, अन् अवघड शब्द आला की कानात कुजबुजून अर्थ सांगायचे. मागच्या रांगेतून शुक् शुक् व्हायचं.

२००४ला तो रंगीत होऊन परत लागला. मोठ्या हौसेनं घेऊन गेलो. मध्यंतरात म्हणाले, "वाट लावली." का? तर मूळ सिनेमा जवळपास सगळा काळा-पांढरा, अन् शीशमहालातलं 'प्यार किया तो डरना क्या' एकदम रंगात यायचं. "तो धक्का होता रे. आता आधीपासूनच सगळं रंगीत, मग शीशमहालात नवीन काय उजळलं?" मला तेव्हा म्हाताऱ्याचा हेका वाटला. आता वाटतं, बरोबर होते.

परभणी, सध्या पुणे

हसू नका. 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा'. होस्टेलवर लॅपटॉपला आठ जण चिकटून बघितला. मकरंद अनासपुरे आपल्याकडचा माणूस, तोंड उघडलं की मला घरून फोन आल्यासारखं वाटतं. पण त्या रात्रीपासून पोरं मला 'काय करायलास' म्हणून चिडवायला लागली. मीही हसलो. आवडता सिनेमा आहे अन् रागही त्याचाच आहे. आपली बोली पडद्यावर आली की ती हसण्यासाठीच का येते?

जालना

वरच्यांना: हसू द्या की! आपल्या बोलीतलं मपलं-तुपलं (माझं-तुझं) ऐकून लोक तिकीट काढतात, यात लाजायचं काय? लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकट्यानं ५२ माणसं उभी केली, याच बोलीत. सिनेमा नव्हे, एकपात्री नाटक, तरी माझा तोच एक नंबर. नियम मोडला, काय करायचं ते करा.

परंडा

मुद्दा हसण्याचा नाही, रडण्याचा आहे. आमच्या तालुक्याला लागून करमाळा, तिथंच 'सैराट' घडला, २०१६ला. आर्ची आमच्यासारखंच बोलते. त्या बोलीत प्रेम करते, भांडते, हुकूम सोडते. बार्शीला आईसंगं बघितला. गाण्यांना पोरं पडद्यापुढं नाचली, पैसे उधळले. शेवटी आवाजच बंद होतो, लेकराची रक्ताची पावलं तेवढी दिसतात. थेटरातले तेच नाचणारे गप. एसटीत आई अवाक्षर बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तुझ्या मनात कुणी असलं तर आधी मला सांग, बापाला नको."

सिल्लोड

'जैत रे जैत'. डोंगर तिकडचा, ठाकर आदिवासींचा, पण गाणी आमच्या शेजारच्या पळासखेड्याच्या ना. धों. महानोरांची. निंदणीला बाया 'जांभुळपिकल्या झाडाखाली' म्हणतात. एवढं पुरे.

औसा तालुका

'अशी ही बनवाबनवी'. गणपतीत मंडळानं व्हिडिओ आणला होता. निम्म्यात लाइट गेली. व्हिडिओवाला म्हणाला, राहिलेला परत आलो की दाखवतो. चार-पाच दिवसांनी विसर्जन झालं अन् त्याच पहाटे भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, ३ वाजून ५६ मिनिटं. सिनेमा बघायला माझ्या शेजारी बसलेल्या दोघी त्यात गेल्या.

उरलेला निम्मा मी लग्नानंतर सासरी टीव्हीवर बघितला. घरातल्यांना संवाद पाठ आहेत. पहिला निम्मा लागला की मी बसून हसते. लाइट गेली होती तो सीन आला की उठून चहा ठेवते.

केज (मावशी सांगतेय, मी पुतणी लिहितेय)

तुम्ही लई शहाणे. 'माहेरची साडी' रडका आहे, हे मला सांगू नका, रडायलाच तर गेलो होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नऊ बाया, संगं माझी सासू. अलका कुबलचे हाल बघून सासूनं पण डोळे पुसले. घरी आल्यावर म्हणाली, "तू बस, आज भाकरी मी टाकते." त्या एका रात्रीपायी तो पिक्चर माझा एक नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली, "उठली का न्हाई अजून?"